काचबिंदू: या चुका टाळा

"मोती अजून पिकूक नाय, पिकलो काय काढूया." देवगड-मालवणात मोतीबिंदूबद्दल हे वाक्य कानावर पडलं की माझा जीव घाबरा होतो. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, हेच म्हणत दोन वर्षं थांबला. आधी मोहोर, मग फवारण्या, मग पेट्या, मग पाऊस. मधल्या काळात दाराची चौकट त्याच्या डाव्या खांद्याला लागायची, तेव्हा सगळे म्हणायचे, वय झालं. गणपतीत आरतीला नात त्याच्या डावीकडे ताट घेऊन उभी होती. अण्णा वळला, कोपर ताटाला लागलं, निरांजन कलंडून तूप तिच्या परकरावर सांडलं. "तू खंयसून इलंस गो?" त्याने विचारलं. पोर पहिल्या आरतीपासून तिथेच उभी होती.

त्याच आठवड्यात तपासलं. डोळ्याचं प्रेशर 34 निघालं. साधारण 10 ते 21 असतं. मोतीबिंदू होता, पण जेमतेम. खरा रोग काचबिंदू. डाव्या डोळ्याच्या फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेचं किती दिसतं त्या तपासणीचा, कागद मधला ठिपका सोडला तर सगळा काळा.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरते आणि गेलेली नजर परत मिळत नाही. बहुतेकांचं काही दुखत नाही, नजर कडेने जाते, एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. म्हणून धूसर दिसलं की घरच्या घरी 'मोती' ठरवू नका. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजेही तपासणी नव्हे. तक्त्याची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो. नुसतं प्रेशर नॉर्मल आलं म्हणूनही सुटका नाही, कारण नॉर्मल प्रेशरमध्येही काही जणांची नस खराब होते. थेंब घालून बाहुली मोठी करून नस बघायलाच हवी. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी, आणि सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर त्याआधीच. अण्णाचं कळल्यावर मी गेले, तर मलाही निघाला. माझी नस वेळेत सापडली, त्याची नाही.

दुसरी चूक प्रेशर उतरवणाऱ्या थेंबांची, जिच्यावरून मी माणसांशी भांडते: "प्रेशर 15 आलं, आता थेंब बंद." अहो, ते 15 थेंबांमुळेच आलंय! बंद केले की ते पुन्हा चढतं, आणि चढलेलं तुम्हाला कळत नाही. हे औषध बहुधा जन्मभराचं. पंधरा दिवसांत गुण मागणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, यात गुण दिसत नाही, आहे ती नजर टिकते. माझा थेंब रात्री, भांडी आवरली की. आडवं व्हायचं, खालची पापणी ओढायची, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा. तीन थेंब घालून फायदा नाही, डोळ्यात एवढं मावत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. लॅटॅनोप्रोस्ट या थेंबाची बंद बाटली फ्रीजमध्येच ठेवायची. आपल्याकडच्या मे महिन्यात मी उघडलेलीही तिथेच ठेवते. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहिते. चार आठवडे झाले की उरलं तरी टाकते. पावसात रस्ता बंद पडतो, म्हणून एक बाटली जादा असतेच.

दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूच्याच टिमोलॉल नावाच्या थेंबांनी धाप लागू शकते.

डोळे आले म्हणून मेडिकलमधून स्वतःच स्टेरॉइडचे थेंब आणून आठवडेच्या आठवडे घालू नका, त्यानेही प्रेशर चढतं. मध तर घालूच नका.

डोळा एकदम लाल, असह्य कळ, दिव्याभोवती रंगीत कडी, उलटी: सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच गाडी करा.

आणि फाईल. मुंबईला मुलाकडे तपासणी होते, कागद तिकडेच राहतात, इथल्या डॉक्टरांना जुनं फील्ड मिळत नाही. नवा कागद जुन्याशेजारी ठेवला तरच रोग सरकला की थांबला ते दिसतं. मी प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते, कारण पावसाळ्यात कपाटातला कागदही ओलावतो. अण्णाचीही पिशवी माझ्याकडेच आहे.