जलपर्णी काढली तर शेवाळ वाढेल का? कागदावर आधी तपासा

खाडी असो की नागपूरचा अंबाझरी तलाव, घटकांचा एकमेकांवरचा परिणाम तक्त्यात मांडून तपासायची पद्धत तीच. पाचच घटक घ्या: फॉस्फरस, शेवाळ, जलपर्णी, प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), मासे. ५×५ तक्त्यात स्तंभातला घटक ओळीतल्याला वाढवत असेल तर +१, घटवत असेल तर −१, नाहीतर ०. जलपर्णीची सावली शेवाळ दाबते, तो −१ हमखास राहून जातो. कर्णावरही (जिथे घटकाची ओळ आणि स्तंभ एकच) −१ हवाच; स्वतःला आवर नसलेलं प्रारूप बहुधा अस्थिर निघतं.

खुणांना ० ते १ मधली यादृच्छिक वजनं देऊन संगणकावर १,००० तक्ते करा. सर्व आयगेन मूल्यांचा (तक्ता स्थिर आहे का हे सांगणाऱ्या संख्यांचा) वास्तव भाग ऋण असलेलेच ठेवा. त्यांचा व्यस्त (inverse) काढून चिन्हं उलटवा आणि जलपर्णीच्या स्तंभात शेवाळाच्या ओळीतलं चिन्ह पाहा. हे उत्तर जलपर्णी वाढवल्याचं. काढल्याचं हवं तर पुन्हा उलटं वाचा. शेवाळ वाढलेल्या तक्त्यांची टक्केवारी पन्नाशीजवळ आली तर निष्कर्ष नको, आधी पाण्यातला प्रकाश आणि फॉस्फरस मोजा.