चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरच्या गावाचे पर्यटन पुन्हा कसे उभे करावे

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे पाहुण्यांच्या खोल्या त्याआधीच रिकाम्या होत्या. दिवेआगरने तर असा फटका पूर्वीही सोसला होता. तिथल्या वाडीत 1997 साली सापडलेला गणपतीचा सुवर्ण मुखवटा मार्च 2012 मध्ये चोरीला गेला आणि दर्शनासाठी येणारी गर्दी ओसरली. तो पुन्हा स्थानापन्न झाला नोव्हेंबर 2021 मध्ये. ग्रामपंचायती, बचत गट आणि घरगुती निवास चालवणारी कुटुंबे यांना अशा प्रसंगी उपयोगी पडेल असा कामाचा क्रम इथे मांडला आहे. आधी वाडी, मग खोली, हे त्यामागचे सूत्र आहे.

वादळ शमल्यावर पहिली ओढ रस्ता मोकळा करण्याची असते आणि ती योग्यच आहे, मात्र वाडीतले पडलेले झाड पंचनाम्याआधी तोडून हलवू नये. पर्यायच नसेल तर प्रत्येक बुंध्यावर चुन्याने आकडा घालावा, विहीर किंवा घराचा कोपरा दिसेल अशा बेताने छायाचित्र काढावे आणि सुपारी, नारळ, आंबा यांची मोजणी वेगवेगळी लिहून ठेवावी. निसर्गनंतर फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपयांची मदत जाहीर झाली होती. इथली वाडी मात्र गुंठ्यांत मोजली जाते, म्हणजे 20 गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने 10,000 रुपयेच येतात. पुढे सुपारी आणि नारळासाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला, तेव्हा झाडांचा पक्का आकडा हाताशी असणे किती मोलाचे आहे हे सर्वांना कळले. म्हणून सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत झाडांची नोंद वादळ नसतानाच करून घ्यावी. पाहुण्यांच्या खोल्यांचे पत्रे, पंप, गाद्या यांच्या पावत्याही एका पिशवीत जपाव्यात. घराचा विमा असेल, तर त्यात वादळ आणि पूर यांचा समावेश आहे का आणि खोल्या व्यवसायासाठी वापरत असल्याचे विमा कंपनीला कळवले आहे का, हे आजच तपासावे.

ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे त्यांना स्वतः फोन करावा, त्यांच्या फोनची वाट पाहू नये. गावाची खरी स्थिती सांगावी, पैसे परत हवे असतील तर द्यावेत आणि तारीख पुढे ढकलण्याचा पर्यायही समोर ठेवावा. वर्षानुवर्षे येणारा पाहुणा खरे ऐकून दुरावत नाही. वीज आहे असे सांगून त्याला अंधारात बसवले, तर मात्र तो पुन्हा येत नाही. रस्ता, वीज, पाणी आणि किती घरे पाहुणे घेऊ शकतात याची माहिती ग्रामपंचायतीने सर्वांच्या वतीने एकच द्यावी, म्हणजे दहा तोंडांनी दहा गोष्टी बाहेर जात नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाडी आडवी झाली की घरामागे एकदम मोकळी जागा दिसू लागते आणि तिथे चार पक्क्या खोल्या बांधाव्यात असा विचार अनेक घरांत येतो. कर्जाचा हप्ता आणि मुलांची शिक्षणे समोर असताना तो येणे स्वाभाविक आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: ती जागा झाडांसाठीच राखावी. मुंबई-पुण्याचा माणूस पाच-सहा तास गाडीत बसून येतो तो पोफळीच्या सावलीतल्या ओटीसाठी, आणि सिमेंटच्या खोल्यांची रांग त्याला वाटेत कुठेही मिळते. नव्या लागवडीसाठी श्रीवर्धन येथील सुपारी संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र यांच्याकडे रोपांची चौकशी करावी. ही दोन्ही केंद्रे कोकण कृषी विद्यापीठाची आहेत. सुपारीत सुमारे 2.7 मीटर आणि नारळात 7.5 मीटर अंतर ठेवावे. पोफळीच्या कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, त्यामुळे आधी केळी लावून सावली करावी. सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात, तोवर केळी, सुरण, अळू यांवर घरखर्चाला हातभार लागतो. वाचलेल्या पोफळींवर काळी मिरी चढवता येते, आणि सावली परतली की जायफळ लावता येते.

लागवडीचे हे कामही पाहुण्याला दाखवण्याजोगे आहे. खळ्यात दीड महिना उन्हात वाळणारी सुपारी उलथायला मुलांना आवडते, आणि एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन शेजारची पोफळी धरणारा पाडेकरी, म्हणजे सुपारी उतरवणारा गडी, पाहिला की मोठ्यांचेही बोलणे थांबते. त्या पाडेकऱ्याला या दाखवण्याचे वेगळे मानधन द्यावे. पर्यटनाचा पैसा ज्याच्याकडे खोली नाही त्याच्यापर्यंत कसा जाईल, हा प्रश्न गावाने बैठकीत उघडपणे घ्यावा: मासे कोळणींकडून घ्यावेत, उकडीचे मोदक बचत गटाकडून, आणि हिवाळ्यात पोपटीचे, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजण्याचे, काम गावातल्या तरुणांकडे द्यावे.

दर पाडून पाहुणे ओढण्याचा मोह टाळावा, कारण एकाने शंभर रुपये उतरवले की महिन्याभरात सगळे गाव उतरते आणि मग ताटातले मासे कमी होतात. खोली आणि जेवण यांचा किमान दर सर्वांनी मिळून ठरवावा. मंडणगड तालुक्यातील वेळास या बाबतीत पाहण्यासारखे आहे. तिथे 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासव संरक्षणाचे काम सुरू केले आणि 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच राहतात, घरचेच जेवतात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. मोठ्या हॉटेलावाचून पैसा गावात राहतो. ज्या किनाऱ्यावर कासवे येतात तिथे वाळूत गाड्या नेण्यास ग्रामपंचायतीने मनाई करावी आणि ती पाळली जाते का हे पाहण्यासाठी माणूस नेमावा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी मंदीच्या दिवसांतच उरकावे. निवास व न्याहारी योजनेतील किंवा 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखालील नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करावा आणि जेवण देत असल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी. कर्जाच्या वेळी बँक हीच कागदे मागते.

पुढच्या वैशाखात, पाहुण्यांची गर्दी ओसरण्याची वाट न पाहता, घरावर झुकलेल्या माडांच्या सुक्या झावळ्या आणि जून नारळ उतरवावेत, पाहुण्यांच्या नोंदवहीची प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि वीज नसताना विहिरीचे पाणी काढता यावे म्हणून पाच-सहा घरांत मिळून एक जनरेटर घ्यावा.