कॉम्प्युटर फॉरमॅट करायचाय? डिस्क निवडायच्या स्क्रीनवर थांबा

ठाण्यात वर्तकनगरला, आमच्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर अडून बसला की माझ्या दाराची बेल वाजते. "ताई, जरा फॉरमॅट मारून द्याल का?" देते. पण आधी एक गोष्ट बघते, ती तुम्हीही बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. तिथे 'एचडीडी' लिहिलेलं असेल आणि आकडा सारखा शंभर टक्क्यांना चिकटलेला असेल, तर नुसत्या फॉरमॅटने थोडे दिवस बरं वाटेल आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तबकडी फिरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० काय आणि ११ काय, धड चालत नाही. २५६ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आणा आणि विंडोज तिच्यावर टाका. कॉम्प्युटर 'साफ' करणारी सॉफ्टवेअर टाकत बसू नका. मी ती आजवर फक्त काढून टाकत आले आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सध्या बरेच जण विंडोज ११ टाकायला निघालेत. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एवढं नसेल तर अटी चुकवून ११ घुसवायच्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात, पण मी त्या कुणालाही करून देत नाही, कारण पुढे अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. अशा मशीनवर मी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, टाकते. ज्यांना फक्त ब्राउझर, मेल आणि बँकेची कामं करायची असतात त्यांचं त्यावर उत्तम भागतं.

तयारीत लोक जे विसरतात

फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्यायची हे तुम्हाला सांगायला नको. पण "सगळं डी ड्राइव्हवर टाकून ठेवलंय" हा बॅकअप नव्हे. सी आणि डी ही बहुतेक घरांत एकाच डिस्कची दोन दालनं असतात. घर पडलं तर दोन्ही पडतात.

टॅली वापरत असाल तर फॉरमॅटच्या आधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा आणि डेटाचं फोल्डर वेगळं उचला. आउटलुक असेल तर पीएसटी फाइल (मेलचा साठा) घ्या. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड सिंक झालेत ना, ते दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडून बघा. सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी खास सांगते: जुन्या नोटिसा आणि इतिवृत्तं कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर ते फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून उचलून ठेवा. नाहीतर फाइल उघडेल, पण आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसेल. ती युनिकोड नसते, फॉन्टशिवाय तिला अर्थ नाही.

आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ते चालू आहे का पाहा. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. चालू असेल आणि डी ड्राइव्ह तुम्हाला राखायचा असेल, तर नवं विंडोज टाकल्यावर डी ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच शोधून कागदावर लिहा, किंवा एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्ट पूर्ण होईपर्यंत थांबा.

पेनड्राइव्ह आणि बूट

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोज भरा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जाईल. कुणी दिलेला 'तयार' पेनड्राइव्ह वापरू नका. त्यात आणखी काय काय भरलंय ते कळायला मार्ग नसतो.

पेनड्राइव्हवरून बूट करायला, म्हणजे मशीन सुरू करायला, चालू करताच दाबायची कळ: डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि पावसाळ्यात लाइट ये-जा करत असेल, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

डिस्क निवडणं

भाषा, कीबोर्ड वगैरे पार पडलं की सेटअप विचारतो, विंडोज कुठे टाकू? एक यादी येते: डिस्क ०, डिस्क १, पुढे पार्टिशनचे (डिस्कच्या तुकड्यांचे) नंबर आणि आकार. बाकी सगळं फॉरमॅट म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. ही एक स्क्रीन मात्र तशी नाही.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला, तेव्हा मी सासऱ्यांच्या डेस्कटॉपवर विंडोज ७ टाकायला बसले. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या, दोन्ही ५०० जीबीच्या. एकीवर विंडोज, दुसरीवर बाबांनी दोन वर्षं बसून स्कॅन केलेले घरातले जुने फोटो. "अगं, फोटोंना हात लागणार नाही ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाही बाबा. यादीत दोन्हींपुढे ४६५.८ जीबी लिहिलेलं होतं. विंडोजची ती डिस्क ०, हे मी गृहीत धरलं आणि डिस्क ० वरचं सगळं डिलीट केलं.

डिस्कचा नंबर विंडोज कुठे आहे त्यावर ठरत नाही. कुठली केबल मदरबोर्डच्या कुठल्या पोर्टात आहे त्यावर तो ठरू शकतो. बाबांकडे फोटोंची डिस्क पहिल्या पोर्टात होती. मला हे कळलं तेव्हा विंडोज ७ टाकून झालं होतं आणि जुनं एक्सपी दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं बसलेलं होतं.

मशीन तिथेच बंद केलं. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवून बरेचसे फोटो परत मिळाले, पण असं परत आलेल्या फाइलला तिचं नाव नसतं, एफ आणि पुढे आकडे एवढंच असतं. बाबांनी प्रत्येक फोटोला नाव दिलं होतं: कोपिनेश्वर, अमुक साल, सोबत कोण. ती नावं गेली. नंतर कितीतरी दुपारी ते वही घेऊन बसत आणि एकेक फोटो उघडून आठवत. काही चेहरे त्यांना पुन्हा लावता आले नाहीत.

म्हणून माझा नियम असा आणि त्यात मी सवलत देत नाही: जी डिस्क पुसायची नाही, ती मशीनमध्ये ठेवायचीच नाही. डेस्कटॉप बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेट उघडा आणि त्या डिस्कची चपटी साटा केबल उपसून बाजूला ठेवा. एक्स्टर्नल डिस्क, मेमरी कार्ड, बॅकअपचा पेनड्राइव्ह, सगळं काढा. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील आणि एक काढता येत नसेल, तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ती बंद करायची सोय आहे का ते बघा. तीही नसेल तर विंडोज चालू असतानाच डिस्क मॅनेजमेंट उघडून दोन्ही डिस्कचे आकार आणि आतल्या पार्टिशनचे आकार यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि सेटअपमध्ये ताळा करा. एकट्या नंबरावर विश्वास नको. सी-डीच्या अक्षरांवर तर मुळीच नको. सेटअपच्या त्या यादीत अक्षरं नसतात, आणि सेटअपमधून कमांड प्रॉम्प्ट उघडलात तर तिथली अक्षरं घरच्यापेक्षा वेगळी असू शकतात. "फक्त सी फॉरमॅट कर" हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे.

आकार वाचताना एक लक्षात ठेवा. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. २५६ ची डिस्क २३८ दिसते, ५१२ ची ४७६ आणि १ टीबीची ९३१. डिस्क खराब झालेली नाही.

केबल काढायला दुसरंही कारण आहे. विंडोज सुरू व्हायला ईएफआय नावाचा एक छोटा हिस्सा लागतो, साधारण १०० एमबीचा. दुसऱ्या डिस्कवर तो आधीपासून असेल, तर सेटअप सुरुवातीच्या फायली तिथेच टाकून मोकळा होतो. तुम्हाला वाटतं विंडोज नव्या एसएसडीवर आहे. मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढता आणि मशीन सुरूच होत नाही. अशी दोन मशीन माझ्याकडे आली, दोन्हींची एसएसडी ठणठणीत होती.

आता यादीत एकच डिस्क राहिली असेल. तिच्यावर तीन-चार तुकडे दिसतील: सिस्टीम, १६ एमबीचा एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेला), मोठा प्रायमरी, शेवटी रिकव्हरी. फक्त प्रायमरी फॉरमॅट करून बाकीचे ठेवायची पद्धत मी सोडली आहे, त्यातून जुन्या बूटचे अवशेष राहतात. सगळे एकेक करून डिलीट करा. 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरली की ती निवडून नेक्स्ट दाबा. स्वतः पार्टिशन पाडू नका, लागतील ते विंडोज पाडतं. कंपनीचं रिकव्हरी जाईल, जाऊ दे, हातात पेनड्राइव्ह आहे. डी त्याच डिस्कवर आहे आणि तो राखायचाय, असं कुणी म्हणालं तर मी आधी बाहेरची प्रत मागते. प्रत नसेल तर काम घेत नाही.

डिस्कच दिसत नसेल तर

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर यादी रिकामी येते. लोकांना वाटतं एसएसडी मेली. मेलेली नसते. ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवा, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून ते फोल्डर दाखवा. नुसती ईएक्सई फाइल चालत नाही, आत आयएनएफ फाइल दिसायला हवी. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण मग मधेच विचार बदलला तर जुनं विंडोज निळा पडदा दाखवून अडतं आणि काही लॅपटॉपवर तो पर्याय नसतोच. ड्रायव्हरचा रस्ता सरळ आहे.

इथे एक सापळा. एसएसडी दिसत नसताना यादीत कधीकधी एकच डिस्क असते, २८-२९ जीबीची. तो तुमचाच ३२ जीबीचा पेनड्राइव्ह. माझ्या भाच्याने तो डिलीट केला आणि चालू सेटअपच्या पायाखालची जमीन काढून घेतली.

एमबीआरची तक्रार

"या डिस्कवर एमबीआर आहे, ईएफआय मशीनवर फक्त जीपीटी चालते" असा इंग्रजी संदेश आला तर बायोसमध्ये लेगसी (जुन्या पद्धतीचा) मोड लावून पळवाट काढू नका. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायच्या पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही आणि विंडोज ११ ला तशीही यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) हवी. शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन), काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत ओळीने टाइप करा: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, एक्झिट. शून्याच्या जागी तुमच्या डिस्कचा नंबर, आणि तो लिस्टमधला आकार बघूनच. 'क्लीन' कुठलाही प्रश्न विचारत नाही. एंटर दाबलात की त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन एका क्षणात जातात.

पुढचं सोपं

पहिल्यांदा रिस्टार्ट होताना पेनड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप पहिल्यापासून सुरू होतो.

प्रॉडक्ट की मागितली आणि पूर्वी अस्सल विंडोज असेल, तर 'की नाही' हा पर्याय निवडा आणि होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो घ्या. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळालं की ते आपोआप लागतं.

वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. अपडेट होऊ द्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरलेल्या वस्तूंचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर नकोत.

एन्क्रिप्शन पुन्हा आपोआप चालू झालंय का बघा. झालं असेल तर नवी की लिहून ठेवा, जुनी या डिस्कला चालणार नाही.

मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा आणि बाजूला ठेवलेल्या डिस्कची केबल परत लावा. सुरू झाल्यावर तिच्यातले चार-पाच फोटो उघडून बघा, नावासकट. ते दिसले की मगच बाहेरच्या डिस्कवरची प्रत कपाटात ठेवा.