शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशामक कसे निवडावे

वेदना 0 ते 10 मध्ये विचारली की पडून असताना ‘2’ सांगणारा रुग्ण खोकताना ‘8’ सांगतो. दुखते म्हणून तो खोल श्वास घेत नाही आणि छातीत कफ साठतो. म्हणून वेदना विचारताना त्याला खोकायला सांगा, कुशीवर वळवा. औषध ठरवायचे ते या दुसऱ्या आकड्यावरून.

पाया पॅरासिटामॉलचा. 50 किलोवरच्या प्रौढाला दर 6 तासांनी 1 ग्रॅम, 24 तासांत 4 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. यकृत बिघडलेले असेल किंवा रुग्ण खंगलेला असेल तर त्याहून कमी. ‘दुखल्यास’ असे न लिहिता ठरल्या वेळी द्या. ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाच्या एकत्रित गोळीतही पॅरासिटामॉल असते, तेही बेरजेत धरा.

जोडीला सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांच्या (NSAID) गटातले आयब्युप्रोफेन, 400 मिग्रॅ दर 8 तासांनी. इथे मात्र घाई नको. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीचे प्रमाण, अल्सरचा इतिहास, रक्त पातळ करणारी औषधे बघा. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाच्या आधारावर टिकवते. हे औषध नेमका तोच आधार काढून घेते. या गटातली दोन औषधे एकत्र कधीच देऊ नका. हृदयाच्या बायपासनंतर हा गट टाळाच.

एवढ्याने भागले नाही तरच ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके. मॉर्फिन शिरेतून 1 ते 2 मिग्रॅ, मग किमान 5 मिनिटे थांबून वेदना, गुंगी आणि श्वास पाहूनच पुढचा डोस. वृद्धांना निम्म्यापासून सुरुवात. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिनपासून शरीरात बनणारे सक्रिय घटक साठत जातात, तिथे फेंटॅनिल हे दुसरे ओपिऑइड बरे. फिट येणाऱ्याला किंवा नैराश्याची औषधे घेणाऱ्याला ट्रॅमाडॉल सरसकट लिहू नका. 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही वर्ज्य.

श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. हाक मारल्यावर रुग्ण बोलता बोलता झोपत असेल तर वेदनेचा आकडा ‘7’ असला तरी पुढचा डोस थांबवा. ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ऑक्सिजन चालू असताना तो धोका उशिरा दाखवतो. श्वास मिनिटभर मोजा, ओपिऑइडचा उतारा असलेले नॅलोक्सोन हाताशी ठेवा. बद्धकोष्ठतेसाठी रेचक पहिल्या दिवसापासूनच लिहा. अपवाद आतड्याच्या शस्त्रक्रियेचा, तिथे सर्जनला विचारून.

पुरेसे औषध असूनही वेदना अचानक वाढली तर डोस वाढवण्याआधी जखम, पोट, तुंबलेली लघवी तपासा. प्लास्टर घातलेल्या पायाची बोटे हलकेच ताणल्यावर रुग्ण कळवळला, तर प्लास्टर सैल करा आणि सर्जनला लगेच बोलवा.