बर्गमनच्या सुरुवातीच्या चित्रपटांचा डीव्हीडी संच: घेताना, लावताना आणि पाहताना

मोठ्या दिग्दर्शकाचे गाजलेले चित्रपट कुठे ना कुठे मिळतात. त्याच्या उमेदवारीच्या काळातले चित्रपट मात्र बहुधा संचातूनच हाती येतात. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या अशा पाच चित्रपटांचा संच अमेरिकेतील क्रायटेरियन या कंपनीने २००७ साली प्रसिद्ध केला आणि त्यानेच तिच्या ‘एक्लिप्स’ या मालिकेची सुरुवात झाली. ‘टॉर्मेंट’ (१९४४), ‘क्रायसिस’ (१९४६), ‘पोर्ट ऑफ कॉल’ (१९४८), ‘थर्स्ट’ (१९४९) आणि ‘टू जॉय’ (१९५०) हे ते पाच चित्रपट. नागपुरात राहून असा संच मागवणाऱ्याला तो घरच्या टीव्हीवर योग्य रीतीने लावता यावा आणि त्यातून दिग्दर्शकाची जडणघडण समजून घेता यावी, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्याच मालिकेतील जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या पहिल्या चित्रपटांच्या आणि जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या सुरुवातीच्या चित्रपटांच्या संचांनाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात.

पैसे भरण्यापूर्वी संचात काय आहे आणि काय नाही, हे कागदावर मांडून घ्यावे. ‘सुरुवातीचे चित्रपट’ या नावावरून सगळे आरंभीचे काम मिळेल असा समज होतो, आणि तो या संचाच्या बाबतीत खरा नाही. १९४६ ते १९४९ या काळात बर्गमनने ‘इट रेन्स ऑन अवर लव्ह’, ‘अ शिप टू इंडिया’, ‘म्युझिक इन डार्कनेस’ आणि ‘प्रिझन’ हे चित्रपटही केले होते; त्यांपैकी एकही यात नाही. उलट, संचातील पहिला चित्रपट त्याने दिग्दर्शित केलेलाच नाही. ‘टॉर्मेंट’चे दिग्दर्शक आल्फ श्योबेर्ग, बर्गमनची ती पटकथा, आणि शेवटाकडील बाह्यचित्रणाचा काही भाग तेवढा त्याने हाताळला. हा चित्रपट संचात घेतला याबद्दल कोणी नाक मुरडू नये. माझ्या मते संचाची खरी किल्ली तोच आहे, कारण लेखक बर्गमन आणि दिग्दर्शक बर्गमन यांना वेगवेगळे पाहण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतकी सहज होत नाही.

त्यानंतरचा प्रश्न प्लेयरचा. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत पाचव्या विभागात येतो आणि अमेरिका पहिल्या. अमेरिकेसाठी काढलेली तबकडी आपल्याकडील साध्या प्लेयरमध्ये घातली, तर पडद्यावर विभागाविषयीची सूचना येऊन काम तिथेच थांबण्याची शक्यता असते. डीव्हीडी प्लेयरच्या अनेक मॉडेलांमध्ये रिमोटवरील ठरावीक आकडे दाबून हे बंधन काढता येते, तेव्हा नवा प्लेयर शोधण्याआधी आपल्या मॉडेलसाठी तशी सोय आहे का, ते पाहावे. सीताबर्डीच्या बाजारातील दुकानातून जुना-नवा प्लेयर घ्यायचा असेल, तर ‘सगळ्या सीडी चालतात’ या आश्वासनावर न विसंबता एखादी परदेशी तबकडी सोबत नेऊन ती दुकानातच लावून पाहावी. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, परंतु सामान्यतः पाचच वेळा. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्याच विभागात कायमचा अडकतो, म्हणून ‘बदलून पाहू’ या वृत्तीने ते बटण दाबू नये. व्हीएलसीसारखे मोफत सॉफ्टवेअर अनेक ड्राइव्हवर विभाग न बदलताही तबकडी वाचते, त्यामुळे आधी तो उपाय करावा. ब्लू-रेची विभागणी वेगळी आहे. तेथे अमेरिका ‘ए’मध्ये आणि भारत ‘सी’मध्ये येतो, आणि हे बंधन रिमोटच्या आकड्यांनी सहसा सुटत नाही.

हे जुने संच बहुतेक वेळा वापरलेल्या मालाच्या विक्रेत्यांकडूनच मिळतात. विक्रेत्याकडे खोळीच्या छायाचित्राबरोबर प्रत्येक तबकडीच्या खालच्या बाजूचे, उजेड तिरपा पडेल असे छायाचित्र मागावे. कारखान्यात छापलेली तबकडी खालून चंदेरी किंवा किंचित सोनेरी दिसते. जांभळट किंवा निळसर झाक असेल, तर ती घरी कोरलेली नक्कल समजावी. मधल्या छिद्राभोवती आरशासारखा एक अरुंद पट्टा असतो व त्यावर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो, तोही पाहावा. या संचात पुठ्ठ्याच्या खोळीत पाच पातळ डब्या असतात आणि प्रत्येक चित्रपटावरील टिपण डबीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापलेले असते. एक्लिप्स मालिकेत मुलाखती, माहितीपट असा जादा ऐवज मुद्दामच दिलेला नसल्याने ही टिपणे हाच काय तो सोबतचा मजकूर. म्हणून मुखपृष्ठ बदललेली किंवा झेरॉक्स लावलेली डबी स्वस्त असली तरी घेऊ नये. परदेशातून मागवताना छापील किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवूनच हिशेब करावा. पार्सल उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करून ठेवले, तर तुटलेली डबी परत करताना वाद होत नाही.

मे महिन्यात पार्सल येणार असेल, तर ते घरी कोणीतरी हातात घेईल अशी व्यवस्था करावी. नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद मोटारीत तबकडी वाकू शकते, आणि वाकलेली तबकडी पुढे नीट चालेल याची खात्री उरत नाही. तापलेले पार्सल घरात आणल्यावर काही तास तसेच ठेवावे आणि मग उघडावे. डबीतून तबकडी काढताना मधली टिकली दाबावी व कडा धरून ती वर उचलावी. टिकली न दाबता कडेने ओढल्यास छिद्राभोवती तडे जातात आणि ते दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पुसायची वेळ आली, तर मऊ सुती कापडाने छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून पुसल्याने पडणारे ओरखडे माहितीच्या मार्गाला समांतर जातात आणि प्लेयरला तेच सर्वांत जड जातात.

आता टीव्ही. हे पाचही चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत, म्हणजे चारास तीन या प्रमाणाच्या आसपास चित्रित झालेले आहेत. रुंद टीव्हीवर ते योग्य रीतीने लागले, की डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसतात, आणि घरातील कोणीतरी ‘पडदा भरत का नाही?’ असे विचारतेच. पट्टे राहू द्यावेत. ‘वाइड’ने माणसे फुगतात, ‘झूम’ने डोक्याचा वरचा भाग आणि खालची इंग्रजी उपशीर्षके कापली जातात. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडावे आणि चित्रात घड्याळ, चाक किंवा ताटली दिसेल तेथे तबकडी थांबवून मोजपट्टी धरावी. उंची आणि रुंदी सारखी भरली, म्हणजे प्रमाण बरोबर आहे. मात्र हे मोजमाप कॅमेऱ्यासमोर सरळ असलेल्या वस्तूवरच घ्यावे, तिरप्या वस्तूवर नव्हे. नव्या टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद करावी, कारण तिच्यामुळे १९४८चे बंदर काल चित्रित केलेल्या मालिकेसारखे दिसू लागते. ‘शार्पनेस’ही खाली आणावा, फिल्मचा नैसर्गिक दाणा त्याने खरखरीत होतो. जुना, खोकेवजा टीव्ही एनटीएससी ही अमेरिकेतील चित्रपद्धत स्वीकारत नसेल, तर त्यावर रंग नाहीसे होतात. हे चित्रपट मुळातच कृष्णधवल असल्याने त्या तोट्याचे दुःख करण्याचे कारण नाही, पण चित्र वरखाली सरकू लागले तर मात्र दुसरा टीव्ही शोधावा लागेल.

वेगाचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातील आणि आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ चौकटींनी चालवलेला असतो, म्हणजे सुमारे चार टक्के जलद; शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो, आणि आवाज वेगळा दुरुस्त केलेला नसेल, तर सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी चढतो. अमेरिकेतील एनटीएससी डीव्हीडीवर चौकटी वेगळ्या पद्धतीने वाटल्या जात असल्याने चित्रपटाचा मूळ वेग टिकतो. क्वचित कॅमेरा आडवा फिरताना किंचित झटके जाणवतात, एवढेच. ‘टू जॉय’ हा चित्रपट वाद्यवृंदातील व्हायोलिनवादकाची कथा आहे आणि त्यात बेथोव्हनची नववी सिम्फनी आहे. ज्याच्या कानाला तंबोऱ्याचा षड्ज ओळखीचा आहे, त्याला चढलेला सूर खटकल्याशिवाय राहत नाही. युरोपातील आवृत्ती स्वस्त मिळत असली, तरी या एका चित्रपटासाठी मी अमेरिकन संचच घ्यावा असे म्हणेन.

आवाज एकमार्गी, म्हणजे मोनो आहे, आणि संवाद पुष्कळदा हळू आहेत. नागपुरात मार्च-एप्रिलपासून खिडकीतला कूलर सुरू झाला, की असा चित्रपट ऐकणे जवळजवळ अशक्य होते. उपशीर्षकांमुळे कथा समजते, पण दोन वाक्यांमधली शांतता हरवते, आणि बर्गमनच्या चित्रपटात ती हरवून चालत नाही. शक्य असेल तर हा संच दिवाळीनंतर उघडावा; उन्हाळ्यातच पाहायचा असेल, तर रात्री उशिरा, कूलरची मोटर बंद करून. इंग्रजी उपशीर्षके वाचायला घरातील ज्येष्ठांना वेळ लागत असेल, तर त्यांना चित्रपटापूर्वीच कथेचा सांगाडा मराठीत सांगावा आणि चित्रपट सुरू असताना भाषांतर करू नये.

पाहण्याचा क्रम वर्षांचाच ठेवावा आणि दोन चित्रपटांच्या मध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा. प्रत्येक वेळी श्रेयनामावलीतील तीन नावे वहीत उतरवावीत: लेखन कोणाचे, छायाचित्रण कोणाचे, मूळ कथा कोणाची. या एवढ्याशा नोंदीतून पुष्कळ उलगडते. ‘टॉर्मेंट’मध्ये क्रूर लॅटिन शिक्षकाच्या धाकातला विद्यार्थी आहे, छायाचित्रकार मार्टिन बोडिन आणि दिग्दर्शक श्योबेर्ग यांनी जिन्यांवर व भिंतींवर ज्या सावल्या पाडल्या आहेत, त्या लक्षात ठेवाव्यात. या चित्रपटाला १९४६ साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. त्यानंतर ‘क्रायसिस’ पाहिला, की पहिल्यांदाच दिग्दर्शन करणाऱ्याची धांदल स्पष्ट दिसते. एका डॅनिश नाटकावरून बेतलेली ही कथा लहान गाव, सांभाळणारी आई आणि मुलीला न्यायला आलेली जन्मदात्री यांच्यात फिरते. अनेक प्रसंग रंगमंचासारखे मांडलेले आहेत. तो फसलेला म्हणून बाजूला ठेवू नये. सांभाळणाऱ्या आईची भूमिका करणाऱ्या डॅग्नी लिंडच्या चेहऱ्यावर कॅमेरा जेव्हा जेव्हा थांबतो, ती वेळ वहीत टिपावी.

‘पोर्ट ऑफ कॉल’पासून छायाचित्रकार म्हणून गुन्नार फिशर हे नाव दिसू लागते आणि संचातील पुढचे दोन्ही चित्रपटही त्यानेच चित्रित केले आहेत. येथे बर्गमन स्टुडिओतून बाहेर पडून गोटेनबर्गच्या बंदरात जातो. इटालियन नववास्तववादाचा, म्हणजे खऱ्या जागी साध्या माणसांचे जगणे टिपणाऱ्या चित्रपटधारेचा, विशेषतः दिग्दर्शक रोसेलिनीचा प्रभाव त्याने स्वतः मान्य केला होता. प्रसंग क्रेन, गोदी आणि कारखान्यात कुठे घडतात व बंद खोलीत कुठे घडतात, हे दोन स्तंभांत लिहून पाहावे. खोलीतील प्रसंग अधिक खरे वाटतात, असे माझे मत आहे, आणि पुढचा बर्गमन खोलीच्याच बाजूला गेला. ‘थर्स्ट’ बिर्गिट टेंग्रोट हिच्या कथांवर आधारित असून तिने त्यात भूमिकाही केली आहे. युद्धानंतरच्या उद्ध्वस्त जर्मनीतून जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात एक जोडपे भांडत आहे. सुरुवातीच्या हॉटेलच्या खोलीतला प्रसंग दोनदा पाहावा आणि दुसऱ्यांदा उपशीर्षके बंद करून फक्त कॅमेरा केव्हा हलतो व बाई केव्हा हलते, याकडे लक्ष द्यावे. संचातील सर्वांत मोठी झेप या खोलीत घेतलेली आहे.

‘टू जॉय’ची पार्श्वभूमी हेलसिंगबोर्गच्या वाद्यवृंदाची आहे, त्याच शहराच्या नाट्यगृहात बर्गमनने १९४४ ते १९४६ या काळात काम केले होते. वाद्यवृंदाच्या वृद्ध संचालकाच्या भूमिकेतील व्हिक्टर श्योस्त्रोम हा स्वतः मूकपटांच्या काळातला थोर दिग्दर्शक, आणि ‘क्रायसिस’च्या वेळी स्टुडिओत गोंधळलेल्या बर्गमनला सावरणारा वडीलधारा. ही माहिती आधी ठाऊक असली, की तालमीत तो तरुण वादकांना जे ऐकवतो त्याला वेगळीच धार येते.

पाहून झाल्यावर संच पुस्तकासारखा उभा ठेवावा. डब्या एकावर एक आडव्या रचू नयेत. पश्चिमेच्या भिंतीला लागलेले लोखंडी कपाट नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हात लावू नये इतके तापते, तेव्हा आतल्या भिंतीचा फळीवजा कोनाडा बरा. कूलरच्या झोतासमोरची जागा उष्णतेइतकीच वाईट, कारण त्या ओलसर हवेने आठवड्याभरात पुठ्ठ्याच्या खोळीच्या कडा फुगतात आणि मुखपृष्ठे डबीच्या आत लहरी धरतात. पावसाळ्यात खोळीशेजारी सिलिका जेलची पुडी ठेवावी व कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. मित्राला द्यायचाच झाला, तर सुटी तबकडी न देता डबीसकट द्यावा आणि रिकाम्या जागी त्याच्या नावाची चिठ्ठी खोचून ठेवावी.