बागकामाचं सर्टिफिकेट घ्यावं का? पैसे भरायच्या आधी हे वाचा

मावशीच्या मुलाने विचारलं, ताई मास्टर गार्डनर केलं तर नोकरी लागेल का? तर आधी हे नाव आलं कुठून ते बघा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७३ च्या सुमारास तिथल्या विद्यापीठाच्या कृषी विस्तारवाल्यांनी हे सुरू केलं, घरच्या बागेबद्दल लोकांचे प्रश्न इतके यायचे की त्यांना पुरं पडेना, मग हौशी लोकांना शिकवायचं आणि त्यांनी बदल्यात फुकट सल्ला द्यायचा असं ठरलं. म्हणजे ते मुळात सेवेचं काम. बऱ्याच ठिकाणी तर हे बिरुद स्वतःच्या धंद्याच्या जाहिरातीत वापरायला पण बंदी आहे.

हौस असेल तर त्यांची पद्धत तेवढी घ्या. नाशिकमध्ये सोसायट्यांच्या बागा काय कमी आहेत का, रविवारी दोन तास द्या, वही ठेवा, शेजाऱ्यांनी विचारलं की शोधून सांगा. जास्वंदावर मुंग्यांची रांग दिसली तर पानांच्या खाली आणि कोवळ्या शेंड्यात बघा, पांढरा कापूस दिसला की ती मिलीबग नावाची कीड, मुंग्या तिच्या गोड चिकट्यासाठीच येतात, त्यामुळे नुसत्या मुंग्या मारून काही होत नाही. असं एकेक पाहून जे डोक्यात बसतं ना ते कुठल्याच स्लाइडमधून बसत नाही. मी एकदा दोन दिवसांच्या कोर्सला पैसे भरले, मातीला हातसुद्धा लागला नाही, फार वाईट वाटलं.

नोकरी हवी असेल तर मात्र हातात कसब पाहिजे. गुलाबाचा डोळा भरायला शिका, म्हणजे चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा अंकुर सालीसकट काढून दुसऱ्या झाडावर बसवायला. थंडीत जंगली गुलाबाच्या खुंटावर (खाली मुळं असलेल्या झाडाच्या खोडावर) टी आकाराची चीर द्यायची, साल हळूच उचलून डोळा आत सरकवायचा, वरखाली प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची, डोळा मात्र उघडा ठेवायचा. दहातले किती जगले ते लिहून ठेवा, नर्सरीवाल्याला तेच सांगा.

कागद लागणारच असेल तर ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिलचं, म्हणजे शेतीच्या कौशल्यांचं प्रशिक्षण बघणाऱ्या संस्थेचं, गार्डनरचं सर्टिफिकेट बघा, मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात पण चौकशी करा. फी भरायच्या आधी एकच विचारा, प्रात्यक्षिक किती दिवस?

मावशीच्या मुलाला मी सांगितलंय, जानेवारीत ये, गच्चीवर पाच खुंट तयार ठेवलेत, आधी ते भर आणि मग फीचं बघू.