रक्त साफ झालं म्हणून पाठीतलं इंजेक्शन सोडू नका : ल्युकेमिया-लिम्फोमात या चुका टाळा

ल्युकेमिया किंवा लिम्फोमा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि पहिली चूक नेमकी तिथेच होते. "आता ब्लास्ट (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) नाहीत ना, मग अजून पाठीत सुया कशाला?" कारण असं की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये औषधांना अडवणारी एक भिंत असते, शिरेतून दिलेली बरीचशी केमो तिच्यापलीकडे पुरेशी पोचतच नाही, पण कॅन्सरच्या पेशी मात्र पलीकडे जाऊन लपून बसतात. 1960 च्या दशकात एएलएल (मुलांमध्ये जास्त दिसणारा, झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया) झालेल्या मुलांचं हेच व्हायचं, रक्त साफ, मूल खेळायला लागलेलं, आणि निम्म्याहून जास्त मुलांत आजार मेंदूच्या आवरणात उलटायचा. म्हणून आता एएलएल आणि बर्किट लिम्फोमात (लिम्फोमाचा फार वेगाने वाढणारा प्रकार) मेंदूत काही सापडलं नसलं तरी मेथोट्रेक्सेट, सायटाराबीन ही केमोची औषधं थेट पाठीच्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीच्या द्रवात, देतात. हे डोस 'एक्स्ट्रा' नाहीत, ट्रीटमेंटचाच भाग आहेत.

दुसरी गोष्ट लक्षणांची. हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर झाला की लोक दाताच्या डॉक्टरकडे जातात, दिसायला दोन-दोन लागलं की चष्म्याचा नंबर काढतात, तोंड वाकडं झालं की वारं लागलं म्हणतात. रक्ताचा कॅन्सर असलेल्या माणसात यातलं काहीही झालं तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. आणि पाठीचं पाणी एकदा स्वच्छ आलं म्हणजे विषय संपला असंही नाही, त्यातल्या पेशी लवकर मरतात, सॅम्पल लॅबमध्ये पडून राहिलं तर मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही, त्यामुळे त्रास चालूच असेल तर परत तपासणी, फ्लो सायटोमेट्री (थोड्याशा पेशीही मशीनने ओळखणारी तपासणी), एमआरआय याबद्दल विचारा, लाजू नका.

पाठीचं पाणी काढायच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मनाने बंद करू नका. नंतर बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, हे बहुतेक वेळा पाणी झिरपल्यामुळे असतं. सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, किंवा ताप आणि मान आखडणं, हे वेगळं प्रकरण, त्यात वाट बघायची नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो हाय डोस मेथोट्रेक्सेटच्या, म्हणजे तेच औषध शिरेतून मोठ्या प्रमाणात देतात त्या वेळी. हे औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून सलाईन भरपूर चालू असतं, लघवीचा पीएच 7 च्या वर ठेवतात (म्हणजे लघवी आम्लधर्मी होऊ देत नाहीत) आणि रक्तातली लेव्हल पुन्हापुन्हा बघतात. आणि घरचे काय करतात, अंग दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, ॲसिडिटी झाली म्हणून ओमेप्राझोल, अशक्तपणा आहे म्हणून फोलिक ॲसिडचं टॉनिक! पहिल्या दोन्हींनी मेथोट्रेक्सेट शरीरात अडकून राहू शकतं आणि तिसरं त्याच्याच कामाच्या आड येतं. ल्युकोव्होरिनचे (मेथोट्रेक्सेटनंतर द्यायच्या बचावाच्या औषधाचे) डोस मात्र घड्याळ लावून, रात्री उठवावं लागलं तरी, कारण निरोगी पेशी त्यानेच वाचतात.

एक चूक पेशंटची नाही पण माहीत हवी. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं, चुकून पाठीत गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीत द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाठीत टोचण्याआधी औषधाचं नाव मोठ्याने वाचून घ्या म्हणायला काहीच हरकत नाही, चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

आणि पाठीत मेथोट्रेक्सेट दिल्यावर काही दिवसांनी, साधारण दोन आठवड्यांच्या आत, अचानक बोलता येईना किंवा एका बाजूचा हातपाय चालेना झालं तर घाबरून ट्रीटमेंटच सोडू नका, हा औषधाचा परिणाम असू शकतो आणि बऱ्याच जणांत तो पूर्ण उतरतो, पण घरी थांबून बघायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठा आणि दारातच शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगा.